मागच्या दाराचा अडसर

गल्फमधल्या रुवैसला राहून खैरुद्दीनला कुलपाचा विसर पडला होता. तेलकंपनीच्या एका ठेकेदाराकडे तो स्टोअरकीपर. सदतीस वर्षांत फ्लॅटचं दार त्याने आतून नीट किती वेळा लावलं असेल ते बोटांवर मोजता आलं असतं. एसीसकट गाडी चालू ठेवून तो दूध आणायला जायचा आणि गाडी बिचारी तिथेच घुरघुरत उभी असायची. पण हाच माणूस दापोलीकडच्या गावातल्या घराच्या काळजीने निम्मा झाला होता. त्या घरात त्याची मा, जहांआरा, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकटी राहत होती, आणि घरातली बंदूक आता घरात नव्हती.

बंदूक बाबांची. एकनळी, बारा बोअरची, कुणा खोताच्या घरून जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली. दस्त्याला चीर गेली तेव्हा बाबांनी तांब्याची तार गुंडाळली. परवाना पिकाच्या राखणीचा. गेल्या रमजानमध्ये बाबा गेले आणि बंदूक चिपळूणच्या एका बंदूकवाल्याकडे जमा झाली. वारसाने ती नावावर तरी करून घ्यायची, नाहीतर सरकारजमा करायची. मुदत महिनाअखेरपर्यंत. त्याचा फॉर्म आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होता आणि त्यावर चहाच्या कपाचे दोन गोल उमटले होते.

"मांना इकडे आणा ना," त्याची बायको हमीदा म्हणाली. "व्हिजिटवर येऊ देत, रेसिडन्सचं मग बघू."

"दोनदा आणली. दोन्ही वेळा पंधराव्या दिवशी कोंबड्यांची आठवण काढून परत गेली. घरामागे रान आहे, हमीदा. शेजारची दोन्ही घरं बंद. एक कतारला, एक कुवेतला. बंदूक घरात आहे एवढं लोकांना माहीत असलं, तरी पुरे असतं."

"अब्बा, जस्ट गेट हर अ गुड लॉक," मुनिबा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. ती बारावीत होती आणि आजीचं घर तिला सुट्टीतल्या डासांपुरतं ठाऊक होतं.

कुलपाचा प्रश्नच नव्हता. मागच्या वर्षी त्याने अल क्वोजच्या एका गोडाऊनमधून दोन कॅमेरे घेऊन पाठवले होते, एकशे ऐंशी दिरमला, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. मा एकावर पिशवी बांधून मोकळी झाली आणि दुसऱ्यावर तिने क्रोशाचा रुमाल घातला, कारण परक्या माणसांनी कुठूनही आपल्याला बघत बसावं हे तिला पटेना.

खरं सांगायचं तर असली खरेदी बाबांना बघवली नसती. घर कसं राखायचं याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि त्यात विकत आणण्यासारखं फारसं काही नव्हतं. कुंपणाच्या दगडी गडग्यावर दोरीला रिकामे डबे टांगायचे, आत खडे टाकायचे. कुत्रा एकच ठेवायचा, पण आळशी नको. कंदिलात रॉकेल कायम भरलेलं हवं. पुढच्या दाराला सागाचा अडसर, मागच्या दाराला फणसाचा. आणि सगळ्यात शेवटी बंदूक. दर शुक्रवारी नमाजहून आले की बाबा ओटीवर बसून तिला गजाने तेल द्यायचे, येणाजाणाऱ्याला दिसेल अशा बेताने. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम यायचा. बाकीचे परवानेवाले गोणपाटात गुंडाळून, लाजत नेत. बाबा खांद्यावर टाकून भर बाजारातून जात आणि पावती खिशात घालून परत येत. वरातीतल्या नवरदेवाचा थाट असायचा त्यांचा.

खैरुद्दीनला त्या ओटीवरच्या तेलाचा वास रुवैसच्या स्टोअरमध्येही यायचा. नवे व्हॉल्व्ह खोक्यातून काढले की अगदी तोच वास. तेवढ्यापुरता तो रसीदबुक बाजूला ठेवून नुसता उभा राहायचा.

बंदुकीची गोष्ट तो दर ईदला मित्रांना सांगायचा, आणि हमीदाला ती शब्दन् शब्द पाठ झाली होती. एकोणीसशे नव्वद साल. गल्फला गेल्यावरची पहिली सुट्टी. त्या काळी गावच्या पोरांत फॅशनच होती, न कळवता घरी जायचं. तार नाही, पत्र नाही; खांद्यावर खोकं घेऊन एकदम चुलीपुढे उभं राहायचं आणि आईची किंकाळी ऐकायची. खैरुद्दीनही निघाला. मगरिबची, दिवेलागणीची वेळ, गावात वीज गेलेली. मा मागच्या दारात सापडेल म्हणून हा शहाणा गडग्यावरून चढला आणि बाबांचेच डबे खणखणले. सुरणाच्या वाफ्यात रानडुक्कर शिरलं असं वाटून बाबांनी बार काढला. छर्रे खांद्यावरच्या खोक्यात घुसले. आतल्या टेपरेकॉर्डरला तीन भोकं पडली, तरी तो पुढे पंधरा वर्षं वाजला.

"आख्ख्या तालुक्यात बाबांसारखा नेम नाही," खैरुद्दीन शेवटी म्हणायचा, "आणि एवढं मोठं डुक्कर समोर असून चुकला." मग सगळे हसायचे. बाबांसमोर ही गोष्ट निघाली की ते मात्र कोंबड्यांना दाणे टाकायला उठून जायचे. नेमबाजाला चुकल्याची लाज वाटणारच, असं खैरुद्दीनला वाटे.

शनिवारी सकाळी शाहबाजचा व्हिडिओ कॉल आला. शाहबाज म्हणजे चुलतभावाचा मुलगा. बंदूक चालू स्थितीत आहे असा दाखला घ्यायला तो चिपळूणला गेला होता. पडद्यावर आधी तांब्याची तार दिसली. मग बंदूकवाल्याने नळी बिजागरीवर खाली वाकवून आत टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, हिला पिनच नाही. चाप ओढलात तरी काडतुसाला ठोका बसणार नाही."

"आत्ता पडली असेल कुठेतरी. बघा ना जरा."

"आत्ताची नाही. भोकात जुना गंज आहे. नळी वरून छान राखली आहे, पण तीस वर्षं तरी हिच्यातून बार निघालेला नसावा."

"चाचा, दुसरी पिन टाकून देतो म्हणतात," शाहबाज म्हणाला. "टाकू?"

"थांब. राहू दे, खलास. नंतर फोन करतो."

त्याला आठवलं: पुढच्या काळात बाबा डुकरांवर फटाकेच फोडत. काडतूस परवडत नाही म्हणत. म्हणजे सगळं ढोंग? त्याला संताप आला. इतकी वर्षं तो इथे निवांत झोपला तो एका लोखंडी काठीच्या भरवशावर, आणि मा त्या काठीच्या राखणीत राहिली. त्याने तसाच घरी फोन लावला.

"मा, बंदुकीला पिन नव्हती. तुला माहीत होतं?"

"होतं की," मा म्हणाली. ती अंगणात असावी, मागे कोंबड्या बोलत होत्या. "त्यांनीच काढली. तू पहिल्या सुट्टीला आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. खाडीत टाकून आले."

"नेम चुकला म्हणून? एवढा राग?"

"नेम चुकला नव्हता रे. नेम तुझ्या छातीवर होता. मी कळशी घेऊन मागच्या दारात आले आणि तू खोकलास. लहानपणापासून तू संध्याकाळचा तसाच खोकतोस. मी नळीखाली हात घालून वर ढकलली. म्हणून खोक्यावर भागलं."

पस्तीस वर्षं खैरुद्दीन ही गोष्ट सांगत आला होता आणि दर वेळी सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

"मला कधी बोलला नाहीत तुम्ही दोघं."

"मी सांगणार होते. ते नको म्हणाले. पोरगा हसून सांगतोय, सांगू दे. पण त्यांचे हात तेव्हापासून बंदूक धरली की कापायचे. तेल द्यायला म्हणून ओटीवर बसायचे, ते गावाला दिसावं म्हणून. बंदूक घरात आहे हे चोराला कळलं म्हणजे झालं, ती चालते की नाही हे कशाला कळायला हवं, असं म्हणायचे."

"मग मलाच सांगायचं ना, न कळवता येत जाऊ नकोस म्हणून."

"मी तेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, पोरगा दोन वर्षांतून एकदा येतो, त्याला स्वतःच्या घरी यायला वर्दी द्यायला लावू? त्यापेक्षा बंदूक गेलेली बरी. आणि मागच्या दाराचा अडसरही काढला. तू येशील तो मागूनच येशील, म्हणाले."

खैरुद्दीनला एकेक सुट्टी आठवत गेली. तो अजूनही न कळवताच जायचा. बायकोमुलीला मुंबईला सासरवाडीत सोडून आधी एकटा पुढे जायचा, म्हाताऱ्यांना चकित करायला. दर वेळी मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. आत शिरल्या शिरल्या तो बाबांना फैलावर घ्यायचा: गावभर राखणीच्या गप्पा मारता आणि स्वतःचं दार उघडं टाकता. बाबा म्हणायचे, राहिलं खरं. आणि पंखा त्याच्याकडे वळवायचे.

त्याला रडू आवरलं नाही. हमीदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याचा चेहरा बघून टेबलाशी बसली.

"आता तरी लावतेस ना मागचं दार?" त्याने फोनवर विचारलं.

"कशाला? तुझा काही नेम आहे का?"

खैरुद्दीनने फॉर्म जवळ ओढला. 'वारसाच्या नावे' या चौकटीवरून त्याचं पेन पुढे गेलं आणि खालच्या चौकटीत त्याने खूण केली. बंदूक सरकारजमा. खाली सही केली.

"मा, बंदूक देऊन टाकतोय. मागच्या दाराला आज अडसर घाल."

"अडसर पडवळाच्या मांडवाला लावलाय त्यांनी. किती वर्षं झाली."

"मग शाहबाजला सांगतो, उद्याच सुताराकडून नवा करून आणेल. तो रोज घालायचा, इन्शाल्ला मी येईपर्यंत आणि त्यानंतरही. आणि ऐक. सतरा तारखेला येतोय. दुपारच्या एसटीने. पुढच्या दाराने."

मा नाक ओढत म्हणाली, "सतरा ना? बरं झालं सांगितलंस. दर वेळी येतोस आणि घरात जे शिळंपाकं असेल ते खातोस. एकदा तरी तुझ्यासाठी आधीपासून तांदूळ भिजवून सांदणं लावून ठेवीन."