काकांचा दहा मिनिटांचा रीबूट

साहेब, काकांना घरी बसवलं ते तुम्ही, राउटरने नाही. अहवालात ‘निष्काळजीपणा’ लिहून मोकळे झालात आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही मागताय. मग त्या दुपारचं मीच लिहिते.

काका आमच्या नेटवर्क विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. लांबच्या शाखेतल्या राउटरचं सेटिंग इथे बसून बदलायचं, तर आधी ते त्याला हुकूम द्यायचे, दहा मिनिटांनी रीबूट हो. बदल फसला, लाइन तुटली, तरी राउटर आपोआप बंद होऊन जुन्या सेटिंगवर उठणार. बदल जमला, की रीबूट रद्द करायचा आणि नवं सेटिंग सेव्ह. ‘‘विहिरीत उतरताना कमरेला दोर बांधतात, तसं,’’ असं मला शिकवताना म्हणाले होते. शाखेतून ‘सगळं चालतंय’ असा फोन आल्याशिवाय दोर सोडायचे नाहीत.

हे काम ऑफिस सुटल्यावर करू, असं काका सांगत होते. तुम्हाला जेवणाच्या सुट्टीआधी हवं होतं. काकांनी रीबूट लावला, सेटिंग बदललं. लाइन टिकली. शाखेच्या फोनची वाट बघत असतानाच तुम्ही आलात.

‘‘काका, पाहुणे आलेत. चला, आपलं नेटवर्क समजावून सांगा.’’

‘‘पाच मिनिटं साहेब. रीबूट लावलाय, तो रद्द करून येतो.’’

‘‘अहो, पाहुणे काय तुमच्या रीबूटसाठी ताटकळणार? उठा.’’

काकांचा हात कीबोर्डकडे गेला होता. तुम्ही दंडाला धरून त्यांना घेऊन गेलात.

दोन मिनिटांत शाखेचा फोन आला, सगळं सुरळीत आहे. मी धावत बैठकीच्या खोलीत शिरले.

‘‘साहेब, काकांना जरा सोडा. रीबूट रद्द करायचाय.’’

‘‘मग तुम्हीच करा ना.’’

‘‘पासवर्ड फक्त काकांकडे असतो. तुमचाच नियम आहे.’’

काका उभे राहिले. त्यावर तुम्ही काय म्हणालात? ‘‘बसा हो काका. वय झालं की माणसाला सारखं उठावंसं वाटतं.’’ पाहुणे खो खो हसले. काकांचे कान लाल झाले. ते खाली बसले.

राउटरने त्याला सांगितलेलं काम चोख केलं. भर गर्दीच्या वेळी रीबूट झाला, जुन्या सेटिंगवर उठला. शाखेतले सगळे काउंटर नऊ मिनिटं बंद, लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म उडाले. तक्रार वरपर्यंत गेली आणि वरून नाव मागितल्यावर तुम्ही लगेच दिलंत.

काल काका ओळखपत्र जमा करायला आले होते. निवृत्तीला सात महिने राहिले होते त्यांच्या. मी चिडून म्हटलं, ‘‘साहेबांनी उठू दिलं नाही, हे सांगत का नाही तुम्ही?’’

‘‘बसलो तर मीच ना, पोरी,’’ म्हणाले. ‘‘लोक हसले आणि मी बसलो. एकवीस वर्षं काम केलेल्या माणसाने बसायला नको होतं.’’

ती लाज घेऊन ते गेलेत साहेब, आणि ती त्यांची नाही. तुमच्या चार पानांत वेळ आहे, राउटरचा नंबर आहे, फॉर्म किती उडाले तेसुद्धा आहे. ‘बसा हो काका’ कुठेच नाही. सहीची जागा मी कोरी ठेवली आहे. ते वाक्य अहवालात तुमच्या नावासकट घालणार आहात की नाही?