कुत्र्यांच्या बागेतली कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. आमच्या बागेत कुत्र्यांना साखळीशिवाय मोकळं सोडतात. म्हणून बागेला दोन फाटकं आहेत, एक आतलं आणि एक रस्त्याकडचं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा इथला नियम. मी आतल्या फाटकावर होते.

लोहाराने मला बसवलं तेव्हा नुसत्या धक्क्याने मी खटकन लागत असे. माळीकाका येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने माझा आवाज ऐकवत. पुढे गंज चढला, फाटक झुकलं आणि मला उचलून दाबावं लागू लागलं. झुकलेलं फाटक सावरायला काकांनी तात्पुरती म्हणून एक सुतळी बांधली. त्या तात्पुरत्याला चार वर्षं झाली. रोजच्या लोकांना माझी खोड ठाऊक होती, म्हणून तक्रार कुणीच केली नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई रोज आपल्या कुत्र्याला, भुऱ्याला, घेऊन येत. भुऱ्या जन्मापासून ठार बहिरा. बाई जमिनीवर बसून हात पसरत, ते दिसलं की तो येई. आत आल्यावर त्या मला दोनदा ओढून पाहत आणि मगच त्याची साखळी सोडत.

त्या संध्याकाळी एक बसचालक आपल्या कुत्रीला घेऊन घाईघाईने बाहेर पडले. त्यांनी मला लोटलं, पण दाबलं नाही. मी जेमतेम टोकावर अडकले. तेवढ्यात रस्त्यावरून एक आजी आल्या. चालकांनी सभ्यपणे बाहेरचं फाटक त्यांच्यासाठी धरून ठेवलं. दुसरीकडे कुठेही हा चांगुलपणा ठरला असता.

भुऱ्याला रस्त्यापलीकडे मांजर दिसलं. तो सुसाट आला आणि फाटकावर आदळला. मला धरून ठेवायचं होतं हो, पण टोक झिजून गेलं होतं. मी निसटले. भुऱ्या आजींच्या बाजूने थेट रस्त्यावर गेला, आणि समोरून मालमोटार येत होती.

बसचालकांनी आपल्या कुत्रीची साखळी आजींच्या हातात कोंबली आणि दोन्ही हात वर करून ते गाडीपुढे उभे राहिले. गाडी कचकन थांबली. भुऱ्या भेदरून जागीच गरगर फिरला. बागेतले सगळे त्याला हाका मारत होते. बाई मात्र ओरडल्या नाहीत. बाहेरच्या फाटकात त्या धुळीत बसल्या आणि त्यांनी हात पसरले. भुऱ्याने गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि तो आला.

"कडी मी नीट लावली नाही," बसचालक मान खाली घालून म्हणाले.

"रोज ओढून बघते मी. तुम्ही गेल्यावरही बघायला हवी होती," बाई म्हणाल्या. मग त्या माळीकाकांकडे वळल्या. "काका, ही कडी आजच्या आज काढा."

काका पाना घेऊन आले.

आता माझ्या जागी नवी कडी आहे. मित्रांनो, तिलाही लावल्यावर एकदा ओढून पाहत जा, आणि ती कुरकुरू लागली तर सवय करून घेऊ नका, कुणाला तरी सांगा. मी अवजारांच्या पेटीत पडून असते. मला काढलं याचं मला वाईट वाटत नाही. इतक्या उशिरा काढलं, याचं वाटतं.