शंभरपैकी ब्याण्णव

कॅन्सर असलेल्या घरांची सहनशक्ती मोजायला नगरपालिकेनं एक मुलगी पाठवली. नाव लेर्के. ती यायच्या आदल्या दिवशी मी खिडक्या धुतल्या, तीन प्रकारचे केक केले, आणि सकाळी नवऱ्याची, आयनारची, दाढी करून त्याला इस्त्रीच्या शर्टात सोफ्यावर बसवलं. आमच्या डेन्मार्कात, पश्चिम यूटलंडात, घरात आजारपण असलं तरी ते पाहुण्याला दिसता कामा नये. सासूनं शिकवलंय मला.

माझ्या नवऱ्याच्या स्वादुपिंडात कॅन्सर होता. तो उन्हाळा बघेल असं डॉक्टरही म्हणत नव्हते. त्याला एकच हवं होतं, समुद्राकडच्या आपल्या खोलीत मरायचं. त्यासाठी नगरपालिकेची एक बाई आठवड्यातून चार दिवस यायची. ती त्याला उचलायची, कुशीवर वळवायची, तेवढ्यात मी झोपून घ्यायचे. ही बाई आम्हाला पुढे मिळणार की नाही, ते या मोजणीवर ठरणार होतं. आम्हाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

लेर्केनं आम्हा दोघांना वेगवेगळे कागद दिले. तीस वाक्यं, पुढे एक ते पाच आकडे. ‘उद्याचा दिवस मी निभावून नेईन असं मला वाटतं.’

“अगदी मोकळेपणानं लिहा हं,” ती म्हणाली.

मोकळेपणानं म्हणे. हातभर अंतरावर नवरा बसलेला, त्याच्यादेखत दोनवर खूण करू? मी पाचवर केली. मग हात सैलच सुटला. पाच, पाच, पुन्हा पाच, मधेच लाज वाटली म्हणून एखादा चार.

“झोप लागते का?” तिनं विचारलं.

“तसं बरं चाललंय.”

“रडू येतं कधी?”

“कांदा चिरताना.”

आयनार हसला. तीही हसली आणि तिनं काहीतरी टिपून घेतलं. निघताना म्हणाली, “इतर घरांनी तुमच्याकडून शिकावं.” केक तिन्ही प्रकारचे खाऊन गेली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अभिनंदन, तुमच्या कुटुंबाला शंभरपैकी ब्याण्णव, सबब मदत अधिक गरजू घराकडे वळवत आहोत. मी फोन केला.

“फेरमोजणी तीन महिन्यांनी होते,” तिथला माणूस म्हणाला.

“तीन महिन्यांनी मोजायला तो नसेल.”

“समजू शकतो मी. पण आकडे तुम्हीच दिलेत ना, बाई?”

दिले होते. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कुणाच्या नावानं बोंब मारणार?

एकोणीस दिवस मी रेटलं. विसाव्या दिवशी त्याला संडासला नेताना माझी कंबर गेली आणि आम्ही दोघंही पडलो. शेजाऱ्यानं उचललं. डॉक्टरनं आयनारला फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या शुश्रूषागृहात हलवलं. तिथल्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.

तिथे त्याचे पाय चेपताना मी सांगून टाकलं. “आयनार, मी त्या कागदावर खोटं लिहिलं. माझ्यामुळे तू इथे आलास.”

“मीपण पाचच लिहिले,” तो म्हणाला.

“तू कशाला?”

“तू कपड्यांचं मशीन लावून रडायचीस. मला ऐकू यायचं. पण त्या पोरीपुढे तुझी शोभा करायची का?”

चौतीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. “ऐकू यायचं तर एकदा हाक मारायची होतीस! घरात दोघं रडलो असतो तर आज घरात असतो.”

मी पर्स उचलली आणि तशीच निघून आले. उद्या समजूत घालू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा तो गेलेला होता. नर्सनं माझा हात धरला. म्हणाली, “पहाटे त्यांना विचारलं होतं मी, बायकोला बोलावू का म्हणून. नको म्हणाले, तिला झोपू दे.”

मी जागीच होते.