हिरव्या थराखालचं बटण

टक्.

बाळ झोपलं की आमच्या घरात भांडंसुद्धा दबकून ठेवावं लागतं. त्यामुळे फरशीवर बटण पडल्याचा एवढासा आवाजही मला दारावर थाप पडल्यासारखा वाटला. पाळण्यात बाळाने ओठ हलवले आणि ते पुन्हा झोपलं. माझ्या लेकीने, बिट्टीने, श्वास रोखून धरला होता. तिच्या स्वेटरचं सगळ्यात खालचं लाल बटण गरगरत टेबलाखाली जाऊन थांबलं होतं.

"दे, शिवते," मी कुजबुजले.

"नको. हे घर आहे," म्हणत तिने ते उचललं आणि आमच्या डोंगराच्या उतारावर ठेवलं.

डोंगर म्हणजे ज्वालामुखी. मी संग्रहालयाच्या कार्यशाळेत प्रतिकृती बनवते. तिथे लहान मुलांसाठी नवं दालन होणार होतं, त्यात ज्वालामुखी हवा होता. मी बाळंतपणाच्या रजेवर होते, पण हात स्वस्थ बसत नव्हते. बाळाची झोप हेच माझं ऑफिस, आणि बिट्टी माझी साहेब.

माझी पद्धत साधी होती. डोंगर आपण घडवायचा नाही, त्याला होऊ द्यायचं. मधोमध एक छोटी वाटी, वाटीत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस उसळून जिथवर वाहील तिथवर काडीने रेघ मारायची, फेस पुसायचा आणि तेवढ्याच जागेवर न वाळणाऱ्या रंगीत मातीचा थर चढवायचा. पुढच्या वेळी जुनी वाट उंच झालेली असते, म्हणून फेस दुसरीकडून उतरतो. पुन्हा रेघ, पुन्हा थर, नवा रंग. डोंगर वेडावाकडा वाढतो, पण खरा वाढतो.

बिट्टीला मी सांगितलं होतं, की जमिनीच्या पोटात इतकं तापतं की दगडाचा रस होतो. तो रस वर येतो, वाहतो आणि गार होऊन पुन्हा दगड होतो. त्याच्यावर पुढचा. असे थर चढत चढत डोंगर होतो. तो नदीला वळसा घालायला लावतो, समुद्रात वर आला तर नवं बेटच तयार होतं.

"आणि घर?" तिने बटणाकडे बोट दाखवलं.

"कधी कधी खाली जातं."

"आणि माणसं?"

"माणसं आधीच मावशीकडे राहायला गेलेली असतात."

हे तिला पटलं. तिने व्हिनेगर ओतलं, फेस बटणावरून गेला आणि हिरव्या मातीखाली घर गेलं. मग काय, तिथे आता कधीच काही उगवणार नाही का, असं ती विचारत राहिली. मी म्हटलं, उगवतं, खूप वर्षांनी त्याच दगडाची कसदार माती होते, माणसं परत येतात. घराची गोष्ट मात्र कुणाला सांगायची नाही असं तिने मला बजावलं. ते आमचं गुपित.

तो स्वेटर ताईने विणलेला. बटणंसुद्धा तिनेच शिवलेली. ताई म्हणजे कार्यशाळेतली माझी वरिष्ठ. रक्ताची नाही, पण बिट्टी तिला मावशी म्हणायची, आणि बाळाला माझ्या आधी तिनेच कुशीत घेतलं होतं. डोंगर झाल्यावर ती बघायला आली आणि म्हणाली, "अगं, घरी बसूनही आमच्या पोटावर पाय देतेस की काय." मी खूश झाले. तिला सगळं समजावलं. उद्घाटनाला मुलांसमोर हा डोंगर तारेने मधोमध कापायचा, म्हणजे त्यांना पोटातले थर दिसतील. ताईने मान डोलावली आणि बिट्टीचा स्वेटर ओढून नीट केला.

"बटण कुठे हरवलंस गं, वेंधळे?"

बिट्टीने तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले.

संग्रहालयाच्या साहेबांना दाखवते म्हणून ताई डोंगर खोक्यात घालून घेऊन गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला. साहेबांना नाही आवडला, मुलांना कळायचा नाही म्हणाले, मोडून टाकला, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी नाही लावून घेतलं. बिट्टीने घेतलं. आपलं काय चुकलं, हे ती आठवडाभर विचारत होती. मग मातीचा डबा तिने पलंगाखाली सारला आणि पुन्हा बाहेर काढला नाही.

दालन उघडतंय, लेकीला घेऊन ये, असं मला सांगितलं ते कार्यशाळेतल्या रंगाऱ्याने. ताईने नाही.

आम्ही गेलो तेव्हा मुलांच्या घोळक्यात ताई उभी होती, आणि समोर डोंगर. वरून गवत चिकटवलेलं, तोंडाशी कापसाचा धूर, पुढे पाटी, पाटीवर ताईचं एकटीचं नाव. डोंगर असा कोणीही करेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. बिट्टीने माझा हात दाबला.

"आई, तो मोडला नाहीये."

ताई मुलांना सांगत होती की डोंगर आपण घडवायचा नाही, त्याला होऊ द्यायचं. माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने. मग तिने तार लावली आणि ओढली. तार मध्येच अडकली. तिने जोर लावला, दोन्ही भाग उघडले, मुलं ओ करून पुढे सरकली. हिरव्या थराखालून लाल बटण डोकावत होतं.

ताईने ते पाहिलं. मग मान वर करून गर्दीत शोधलं आणि तिला बिट्टी दिसली, तो स्वेटर घातलेली, खालचं काज रिकामं. मला वाटलं, आता ती बोलेल. निदान हसेल, हाक मारेल.

"आणि हे बघा," ती मुलांना म्हणाली, "समजा, इथे एक घर होतं. ते मी मुद्दाम ठेवलंय."

नंतर ती मला खांबाआड घेऊन गेली. तू रजेवर, नाव कुणाचं तरी लागतंच, रुजू झालीस की पुढचं काम तुझं, घरात कसला आलाय हिशेब, असं बरंच काही बोलली. मी एवढंच म्हणाले, "बिट्टीचं बटण दे."

"ते आता प्रदर्शनात आहे गं," ताई म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीसारखाच.

बाहेर गार वारा सुटला होता. पायऱ्यांवर बसून मी बिट्टीच्या स्वेटरची बटणं गळ्यापासून लावत खाली आले, रिकाम्या काजापर्यंत. तिने माझे हात धरले आणि वरचं बटण पुन्हा काढलं.

"आई, मावशीने बटण ओळखलं ना?"

"ओळखलं."

ती थोडा वेळ उरलेल्या बटणांवरून बोट फिरवत राहिली.

"मग हा स्वेटर मी आता घालायचा की नाही?"