टाचेचा प्रश्न

माणसाचा स्वाभिमान पाठीच्या कण्यात असतो, असं थोर लोक सांगून गेलेत. माझ्या ताईचा तो डाव्या टाचेत होता, आणि उन्हाळ्यात त्याला चांगली नाणं मावेल एवढी भेग पडली होती.

ताई बावीस वर्षं चपलांच्या दुकानात विक्रीला आहे. दारातून आत येणाऱ्याचा पाय नुसता बघून नंबर सांगते. स्वतः मात्र उन्हाळाभर मागून उघड्या सपाता घालून फरशीवर दहा-दहा तास उभी होती. उन्हाळा सरला आणि लंगडायला लागली.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी टाच उलटसुलट करून पाहिली. "रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात पाय. मग वजरीनं घासायचं, तेही हलक्या हातानं. ब्लेड अजिबात नाही. पुसलं की टाच ओलसर असतानाच मलम, वर सुती मोजे. आणि या सपाता फेका. बंद बूट घाला, पण मापाचे."

घरी वीस मिनिटं ताईला कुणी बसू देत नाही. म्हणून तिनं जेवणाच्या सुट्टीत दुकानातच, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून, प्लास्टिकच्या टबात पाय सोडले. मी शेजारच्याच कचेरीत कारकून. डबा खायला तिच्याकडे जायचो. टबात पाणी ओतायचं काम अर्थात माझं.

सोमवारी मालक आले. हातात खोकं.

"बाई, हे दुकान आहे, न्हाणीघर नाही."

"सुट्टी माझी, पाय माझे, टब माझा. खुर्ची तेवढी तुमची, ती पुसून देईन."

"बरं, ते राहू दे. आजपासून सगळ्यांनी दुकानातले बंद बूट घालायचे. हा तुमचा जोड. पाच नंबर, रजिस्टरप्रमाणे."

ताईनं बूट हातात घेतला, आत बोटं घालून पाहिली आणि परत खोक्यात ठेवला. "घालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पायात घालत नाही. टोचतो."

"तर मग उद्यापासून घरीच बसा, शेकत!"

मी डब्याला झाकण लावलं. ताईनं मात्र टबात पायाची बोटं हलवली. तेवढ्यात खुर्ची रिकामी व्हायची वाट पाहणाऱ्या एका आजीबाई म्हणाल्या, "अहो भांडताय कशाला? मोजा की बाईंचा पाय."

बावीस वर्षं ताईनं गावाचे पाय मोजले होते. वय वाढतं तसा पाय पसरतो, हे ती दर गिऱ्हाइकाला ऐकवायची. तिचा स्वतःचा पाय शेवटचा मोजला होता नोकरीला लागली त्या दिवशी.

मालकांनीच वाकून पाय पट्टीवर ठेवला. पाणी बाहीत गेलं.

"सात," ते पुटपुटले.

"म्हणजे इतकी वर्षं माझी टाच बाहेर लोंबत होती," ताई म्हणाली, "आणि मी लोकांना शहाणपण शिकवत होते. द्या सात."

"बायकांचे सहापर्यंतच ठेवतो आपण. सात नंबर बायकांचा नसतोच."

ताईनं निथळता पाय त्यांच्या नाकासमोर धरला. "मग हे काय आहे? वल्हं?"

आजीबाई खदखदून हसल्या.

"सहा घाला," मालक म्हणाले, "जरा आवळून."

"आवळून घालू नका, असं मी दिवसातून चाळीसदा सांगते. त्याचाच पगार देता मला. काढायचं तर काढा. पण टाच यापुढे मापातच राहणार."

तिनं सावकाश पाय पुसले, मलम चोळलं, मोजे चढवले, जुन्या सपाता अडकवल्या आणि भरदिवसा, सगळ्यांदेखत, रस्ता ओलांडून समोरच्या चपलांच्या दुकानात गेली. ताईच्या दुकानातलं कुणीही आजवर त्या दारात पाऊल टाकलेलं नव्हतं. मी टब सांभाळत बसलो.

पंधरा मिनिटांनी ती सात नंबरचे काळे बूट घालून परतली, न लंगडता. आजीबाईंसमोर बसून म्हणाली, "द्या पाय. आधी मोजू."

मालकांनी तिच्या बुटांकडे पाहिलं, आजीबाईंकडे पाहिलं आणि पाच नंबरचं खोकं फळीवर परत ठेवलं.

टाच तीन आठवड्यांत भरली. टब दुकानातच आहे; एसी गळतो, त्याच्याखाली ठेवलाय.