मेंढरांची रात, माझी रात

आबांनी माझ्या नर्सिंगच्या डिग्रीपायी चार वर्षांत मेंढरांचा अख्खा कळप विकला. आता मी सोलापुरात एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. पहिला पगार हातात दिला, तेव्हा आबांनी एका रात्रीला किती पडतात ते बोटांवर मोजलं आणि मग पुन्हा एकदा मोजलं.

"काय झालं?"

"काय न्हाय. खतासाठी शेतकरी माझी मेंढरं त्येच्या रानात बसवायचा, तवा एका रातीचं यापरीस जास्त द्यायचा की."

म्हणजे चार वर्षं घोकंपट्टी करून मी कळपाच्या जवळपास पोचले होते. तेही लेंड्या न टाकता.

"व्हय आबा," मी म्हणाले, "पर मेंढरं रातभर बसायची. आमच्या वॉर्डात नर्सला खुर्ची न्हाय."