पहिली बंदूक पोराची

एकोणीसशे सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि मिस्त्रींच्या सूनबाईला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या खेपेला मूल राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात आनंदानं बोलायचीसुद्धा सगळ्यांना धास्ती वाटे.

मिस्त्री बंदुका दुरुस्त करत. त्यांची कामाची खोली स्वयंपाकघराला लागून होती. नळी धुवायच्या औषधाचा उग्र वास भांड्यांना, कपड्यांना, उशांना लागलेला असे. मिस्त्रीणबाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या अंगाचाच वास तो. पण डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला तपासलं, घरात काय वापरता ते खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, "ते औषध, ते तेल-ग्रीस आणि नळीतली काजळी, तिन्हींपासून हिला लांब ठेवा." घरी येताच मिस्त्रीणबाई परसात गेल्या. कामाच्या खोलीतलं पाणी जिथे मुरायचं तिथे गवताचं पातंही उगवलेलं नव्हतं. रोज दिसणारी ती जागा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

"अहो, ते औषध आणि तेल बंद करा," जेवताना त्या म्हणाल्या.

"मग काय, बंदुका दुधानं धुवू?"

"कशानंही धुवा. या घरात ते नको."

मिस्त्री तोंडाचे तिखट, पण बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी माती-पाण्याला अपाय न करणारं, साबणासारखं एक धुवायचं द्रावण आणि झाडांच्या बियांपासून केलेलं तेल मागवलं. थेंबभर तेल बोटांवर चोळून हुंगलं.

"वास बरा आहे. बंदुकीला नाही चाललं तर डोक्याला लावेन."

"डोक्यावर काही उरलं असेल तर लावा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि बऱ्याच दिवसांनी सूनबाई हसली.

मिस्त्री मात्र गंभीर झाले. "पण एक सांगतो. ज्याची मला खात्री नाही ते मी गिऱ्हाइकाच्या हातात देणार नाही. पहिली बंदूक आपल्या पोराची."

मिस्त्रीणबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मुलगा वनरक्षक होता, वरच्या जंगलातल्या चौकीवर. त्या भागात एक अस्वल माणसांवर धावून येत होतं. एका लाकूडतोड्याचा खांदा त्यानं फाडला होता. पण हट्ट त्यांनीच धरला होता, आता नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? मुलगा रजेवर आला, तेल घातलेली बंदूक घेऊन परत गेला. त्या दारात उभ्या राहिल्या आणि "जपून जा" एवढंच म्हणाल्या.

मग वाऱ्याला धार आली. मुलाच्या बंदुकीबरोबरच मिस्त्रींनी स्वतःच्या एका जुन्या बंदुकीलाही ते तेल घातलं होतं. ती ओसरीतल्या खुंटीला टांगलेली होती. एका सकाळी त्यांनी ती सहज उतरवली, गोळी आत सरकवणारा बोल्ट मागे ओढला. तो मधातून ओढावा तसा जड आला. त्यांनी चाप दाबला. नेहमीच्या कडक खटक्याऐवजी आतून मऊ, दबका आवाज आला.

मिस्त्रींनी पुन्हा बोल्ट ओढला, पुन्हा चाप दाबला. तोच आवाज.

"काय झालं?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"जुनं ग्रीस पुरतं काढलं नाही मी. त्यावरच नवं तेल चढवलं. दोन्ही मिळून चिकट लगदा झालाय. थंडीत गोळीवर आपटणारी पिन हलतच नाही."

"आणि त्याच्या बंदुकीत?"

मिस्त्री पिशवी भरायला लागले होते.

सूनबाईला त्यांनी शेजारणीकडे बसवलं, कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, फक्त पोटावरचा हात काढला नाही. सामान वाहणाऱ्या गाडीनं दोघं चौकीच्या डोंगराच्या पायथ्याशी उतरली आणि चढ चढू लागली. पाचोळा वाजला की मिस्त्रीणबाई थबकत. एके ठिकाणी झाडाच्या सालीवर ताजे ओरखडे होते, माणसाच्या डोक्याच्याही वर. मिस्त्रींनी ते पाहिले आणि बायकोला दिसू नयेत म्हणून मध्ये उभे राहिले. मिस्त्रीणबाईंना ते आधीच दिसले होते. हाक मारायची सोय नव्हती. हाकेनं कोण येईल, सांगता येत नव्हतं.

चौकीचं दार उघडं होतं. आत चुलीवर पाणी उकळत होतं आणि माणूस नव्हता. मिस्त्रीणबाईंनी चौकटीला धरलं.

मागून पायवाटेनं मुलगा आला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात बंदूक, नळीकडून धरलेली, काठीसारखी टेकत.

"आई? तू इथे कशी? घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यांनी त्याचे खांदे, दंड, गाल चाचपले.

"बंदूक चालते का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

मुलगा ओशाळला. "नाही बाबा. थंडी वाढल्यापासून बंदच आहे."

"मग कळवलं का नाहीस?"

"तुम्ही स्वतः तेल घातलेलं. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

"अरे गाढवा, ते अस्वल?"

"परवा समोर आलं होतं," तो आईकडे न बघता म्हणाला. "मी चाप दाबला. काही झालं नाही. मग तसाच उभा राहिलो. गेलं ते."

मिस्त्रीणबाईंनी त्याच्या हातातली बादली काढून घेतली.

मिस्त्रींनी चुलीवरचं पाणी घेतलं, बंदूक सुटी केली आणि जुना लगदा निघेपर्यंत एकेक भाग धुतला, शेकून कोरडा केला. मग पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, एक जुन्या तेलाची, एक नव्या. "तू सांग," ते बायकोला म्हणाले.

जुनं घातलं तर आजच्या आज जीव भांड्यात पडला असता. पण पोरगा घरी येणार, तेच हात, तेच कपडे सूनबाईजवळ नेणार.

"नवंच घाला," त्या म्हणाल्या. "पण अगदी थोडं. आणि माझ्यासमोर वाजवून दाखवा."

बंदूक उजाडेपर्यंत बाहेर गारठ्यात ठेवली. सकाळी मुलानं मातीच्या उंचवट्यावर नेम धरला. मिस्त्रीणबाईंनी डोळे मिटले नाहीत. गोळी सुटली, आवाज दरीभर घुमला.

सूनबाईला मुलगी झाली. ती आता बसगाड्या दुरुस्त करते. अस्वल त्या वसंतात पलीकडच्या जंगलात उतरलं, परत दिसलं नाही. मिस्त्रींनी डोळे जाईपर्यंत काम केलं, आधी धुणं, मग तेल, या क्रमात एकदाही चूक न करता, आणि एका दुपारी खुर्चीतच गेले. मुलगा निवृत्त होऊन घरी आहे. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, त्यांना यातलं काही कळलं नाही. मिस्त्रीणबाई पुष्कळ जगल्या. मुलगा नोकरीत होता तोवर प्रत्येक रजेअखेर त्या त्याला दारात थांबवून रिकाम्या बंदुकीचा बोल्ट ओढायला लावत आणि तो आवाज ऐकल्याशिवाय वाट सोडत नसत.